इंडक्शन शेगडीचे टच पॅनेल : बिघाड ओळखण्याची रीत आणि दुरुस्तीचा क्रम

इंडक्शन शेगडी ‘बिघडली’ म्हणून दुरुस्तीच्या टेबलावर येते तेव्हा तिची कॉइल, पंखा आणि मुख्य सर्किट बोर्ड हे सारे पुष्कळदा शाबूत असते, आणि नडत असते ते केवळ काचेवर बोट टेकवून चालवायचे नियंत्रण, ज्याला बाजारात टच पॅनेल म्हणतात. बोट ठेवूनही शेगडी सुरू न होणे, एकच बटण मुके राहणे, कोणी हात न लावता आच आपोआप कमी-जास्त होणे, किंवा भाजी अर्धी शिजलेली असताना सतत बीप वाजून शेगडी बंद पडणे, ही या बिघाडाची नेहमीची रूपे होत. यांपैकी बरेच बिघाड घरच्या घरी ओळखता येतात आणि काही तर शेगडी न उघडताही दूर होतात. मात्र त्यासाठी तपासणी बाहेरून आत, म्हणजे आधी काच, मग वीजजोडणी, मग स्प्रिंग आणि जोडवायर आणि अगदी शेवटी इलेक्ट्रॉनिक चिप, या क्रमानेच व्हावी लागते. या क्रमामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, टच पॅनेलच्या तक्रारींचे मूळ बहुधा बोट आणि काचेखालची स्प्रिंग यांच्यामधल्या काही मिलिमीटरांच्या जागेतच सापडते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : शेगडीची काच ही वापरणाऱ्याचे बोट आणि घरातील २३० व्होल्टची वीज यांच्यामधली भिंत असते, आणि ती उचलण्याची वेळ जितकी टळेल तितके बरे.

तपासणीला हात घालण्यापूर्वी शेगडीवरील बटणे कोणत्या जातीची आहेत हे पाहून घ्यावे, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ शेगड्यांवर टच पॅनेल नसून दाबबटणे असतात आणि दोन्हींचा बिघाड व उपाय वेगवेगळा असतो. दाबबटणाच्या शेगडीत छापील चित्रे असलेल्या प्लास्टिकच्या पातळ पडद्याखाली साधारण ६ मिलिमीटर लांबी-रुंदीचे चौकोनी सूक्ष्म स्विच बसवलेले असतात; त्यांच्यावर बोट दाबले की पृष्ठभाग किंचित खाली जातो आणि बोटाला ‘टक’ असा ठोका जाणवतो. खऱ्या टच पॅनेलमध्ये मात्र भांडे ठेवायची काचच पुढपर्यंत सलग आलेली असते, तिच्यावर बोट कितीही जोराने दाबले तरी काही हलत नाही, आणि बीप ऐकू येते ती शेगडीच्या आतल्या छोट्या भोंग्याची. टच पॅनेल प्रतिसाद देत नाही म्हणून त्यावर जोर लावण्याची सवय पुष्कळांना असते. तिचा उपयोग काहीच नसतो, उलट काच आणि तिचे चिकट जोड यांवर नाहक ताण येतो.

टच पॅनेलचे काम कसे चालते हे थोडे समजून घेतल्यास पुढची सारी तपासणी सोपी होते. दोन विद्युतवाहक एकमेकांजवळ असले आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधक पदार्थ असला, तर त्या रचनेत विद्युतभार साठवण्याची जी क्षमता निर्माण होते तिला धारिता किंवा कॅपॅसिटन्स म्हणतात. काचेखाली प्रत्येक बटणाच्या जागी एक छोटी धातूची स्प्रिंग किंवा तांब्याची चकती असते, काच हा विद्युतरोधक असतो, आणि माणसाचे बोट, त्यातील पाणी व क्षार यांमुळे, दुसऱ्या वाहकाचे काम करते. बोट काचेवर टेकले की त्या जागेची धारिता काही पिकोफॅरडने, म्हणजे फॅरड या एककाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या हिशेबात, वाढते आणि पॅनेलवरील चिप तो अत्यल्प फरक सेकंदात अनेक वेळा मोजून ‘बटण दाबले’ असा निष्कर्ष काढते. या तत्त्वावर चालणाऱ्या पडद्याची कल्पना इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली होती आणि तिचा हेतू विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण हा होता. आज तेच तत्त्व स्वयंपाकघरात वाफ, तेल आणि मीठ यांच्या सान्निध्यात राबते आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या कुरबुरींचे फारसे नवल वाटत नाही.

फरक इतका सूक्ष्म असल्यामुळे मध्ये कोणता पदार्थ आहे याला फार महत्त्व येते. एखादा पदार्थ विद्युतक्षेत्राला किती साथ देतो हे सांगणाऱ्या संख्येला सापेक्ष परावैद्युतांक म्हणतात; हवेसाठी ही संख्या जवळजवळ १, काचेसाठी साधारण ५ ते ८ आणि पाण्यासाठी सुमारे ८० असते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. स्प्रिंग आणि काच यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटर जरी हवेची फट पडली, तरी बोटाचा परिणाम एवढा घटतो की चिपला तो जाणवेनासा होतो, आणि बटण मुके होते. याउलट काचेवर पाण्याचा ओघळ आला, तर चिपला त्या जागी बोट असल्याचा भास होतो, आणि ओघळ दोन-तीन बटणांवर पसरला असेल तर कोणते बटण दाबले गेले हे तिला ठरवता येत नाही. पुष्कळ शेगड्या अशा वेळी सुरक्षिततेसाठी बीप वाजवून स्वतःच बंद होतात. म्हणजे कुकरच्या शिट्टीबरोबर उडालेले डाळीचे पाणी पॅनेलवर पडून शेगडी बंद झाली, तर तो बिघाड नसून तिने योग्य तेच केलेले असते.

चिपची आणखी एक सवय ध्यानात ठेवावी लागते. प्लग लावून स्विच सुरू करताच ती प्रत्येक बटणाची त्या क्षणाची धारिता मोजते आणि तीच ‘बोट नसतानाची’ स्थिती म्हणून धरून चालते. त्या क्षणी पॅनेलवर ओले फडके पडलेले असेल, मोठ्या तव्याची कड बटणांवर आलेली असेल किंवा कोणी हात टेकवून उभे असेल, तर हे मूळ मापच चुकते आणि पुढे बटणे एक तर दाद देत नाहीत किंवा भलतीच दाद देतात. म्हणून कोणत्याही तक्रारीवर पहिला उपाय असा की, भिंतीवरील स्विच बंद करून प्लग काढावा, काचेवरचे भांडे उतरवावे, पॅनेल पुसून पूर्ण कोरडे करावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, आणि मग पॅनेलजवळ काहीही नसताना वीज देऊन चार-पाच सेकंदांनी बोट लावावे. हा उपाय इतका साधा आहे की तो पुष्कळदा करूनच पाहिला जात नाही, आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलेली शेगडी तेथे आपोआप चालू लागते त्याचे कारणही बहुधा हेच असते, कारण नेण्या-आणण्यात ती वाळलेली असते.

याच टप्प्यावर बाहेरची इतर कारणेही निकालात काढावीत. कुलपाचे चित्र असलेले किंवा ‘लॉक’ लिहिलेले बटण लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी असते, पॅनेल पुसताना फडक्याने ते लागून जाते आणि मग बाकीची सगळी बटणे मुकी होतात. ते साधारण तीन सेकंद दाबून धरले की कुलूप उघडते, पण नेमकी रीत त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच पाहावी. बोटाची अवस्थाही पाहावी : कणीक मळताना बोटांवर वाळलेल्या पिठाचा थर असेल, रबरी हातमोजा असेल किंवा नखाच्या टोकाने बटण टोचले जात असेल, तर काचेला टेकणारे मांसल क्षेत्र कमी पडते आणि चिपला पुरेसा फरक मिळत नाही; बोटाचे पेर आडवे, सपाट आणि कोरडे टेकवले तर तेच बटण चटकन चालते. नव्या शेगडीवर धुळीपासून बचाव म्हणून असलेला पारदर्शक कागद वर्षानुवर्षे तसाच ठेवला जातो आणि त्याच्याखाली वाफेचे पाणी साचते; तो काढून टाकावा. तेलाच्या डागांपासून संरक्षण म्हणून ओट्यावर चिकटवलेली चंदेरी फॉइल पॅनेलच्या कडेपर्यंत आली असेल तर तीही मागे सरकवावी, कारण धातूचा पातळ थरसुद्धा आसपासची धारिता बदलतो.

काच साफ करण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण येथे केलेली घाई पुढे खर्चात पाडते. तेलकट थर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने काढावा. कडक पाण्याच्या भागात वाळलेल्या ओघळांचे पांढरे डाग पडतात; ते मुख्यतः कॅल्शियमचे क्षार असल्याने पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेले फडके दोन मिनिटे ठेवल्यास सुटतात. तारेची घासणी, वाळूसारखी भरड पूड किंवा सुरीचे पाते वापरू नये. कोणताही द्रव थेट काचेवर फवारू नये, कारण काच आणि प्लास्टिकची चौकट यांच्या सांध्यातील सिलिकॉनची रेघ जुन्या शेगडीत जागोजागी सुटलेली असते आणि फवारलेला द्रव तेथूनच आत उतरतो. पॅनेलच्या कडेला असलेल्या या सांध्यात तपकिरी, चिकट रेघ दिसत असेल, तर उतू गेलेले दूध किंवा आमटी आत गेली आहे असे समजण्यास हरकत नाही, आणि मग बाहेरची सफाई पुरेशी ठरत नाही.

यानंतर वीजजोडणी. दोन हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते, म्हणून तिला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच लागते. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर किंवा लांबलचक एक्स्टेन्शन लावून ती चालवली, तर जोड तापतात, व्होल्टेज पडते, आणि बटण दाबताच शेगडी क्षणभर सुरू होऊन पुन्हा बंद पडते, जे टच पॅनेलच्या बिघाडासारखेच दिसते. अर्थिंग सदोष असेल आणि त्याच लाइनवर मिक्सर किंवा पाण्याचा पंप चालू असेल, तर चिपच्या सूक्ष्म मोजणीत विजेची खरखर मिसळू शकते आणि बटणे आपोआप लागू लागतात. जनरेटरच्या विजेवर हाच अनुभव येतो. म्हणून शेगडी दुसऱ्या खोलीतील चांगल्या १६ अँपिअर सॉकेटवर, शक्य तर दुसऱ्याच घरी, लावून पाहावी. तेथे ती नीट चालली तर दुरुस्ती शेगडीची नसून वायरिंगची करायची आहे हे उघड होते. पडद्यावर येणारी ई-अक्षरी सांकेतिक खूण पुस्तिकेत पाहावी, कारण एकाच खुणेचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो आणि तोंडी सांगितलेल्या अर्थावर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे.

एवढ्याने तक्रार गेली नाही, तर ती नेमकी कशी आहे हे लिहून काढावे, कारण लक्षणावरून जागा बऱ्याच अंशी कळते. एकही दिवा लागत नसेल, वीज देताना बीपही होत नसेल, तर दोष टच पॅनेलचा नसून फ्यूज किंवा वीजपुरवठ्याच्या भागाचा असण्याची शक्यता मोठी. दिवा लागतो, बीप होते, पण सगळीच बटणे मुकी आहेत आणि कुलूपही नाही, तर पॅनेलचा बोर्ड व मुख्य बोर्ड यांना जोडणारी वायर किंवा पॅनेलच्या चिपचा पुरवठा संशयित ठरतो. एकच बटण मुके असेल तर त्याची स्प्रिंग किंवा तिचा सोल्डर, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूने केलेला जोड, पाहावा. काचेवर त्या बटणाजवळ तळव्याने हलका भार देताच ते चालत असेल, तर फट पडलेली आहे हे जवळजवळ निश्चित. बटणे आपोआप लागतात, विशेषतः पावसाळ्यात किंवा सकाळच्या पहिल्या वापरात, तर आत ओलावा किंवा तेलकट थर आहे. आणि थंड असताना सर्व नीट चालून दहा-पंधरा मिनिटांनी बटणे सुस्त होत असतील, तर तापल्यावर उघडणारा सोल्डरचा तडा किंवा कमजोर झालेला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, शोधावा लागतो.

आता शेगडी उघडण्याचा प्रश्न येतो, आणि येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर शेगडी उघडू नये, ती अधिकृत सेवाकेंद्रातच द्यावी. काचेला केसाएवढाही तडा गेला असेल तर शेगडी वापरणे त्याच क्षणापासून थांबवावे. याचे कारण असे की, अशा बहुसंख्य छोट्या शेगड्यांमध्ये नियंत्रणाचा ५ व्होल्टचा भाग आणि घरातील वीज यांच्यामध्ये विलगता, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने केलेली फारकत, नसते. नियंत्रण बोर्डाची ऋण बाजू थेट रेक्टिफायरला, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या घरगुती विजेला एकाच दिशेने वळवणाऱ्या भागाला, जोडलेली असते. मोबाइलच्या चार्जरमधून बाहेर येणारे ५ व्होल्ट आणि या पॅनेलवरचे ५ व्होल्ट यांत म्हणूनच जीव वाचण्या-जाण्याचा फरक आहे. प्लग लावलेला असताना काचेखालच्या एखाद्या स्प्रिंगला हात लागला, तर तो प्रत्यक्ष मेन्सला लागल्यासारखा धरावा. यास्तव काच उचलून, वीज चालू ठेवून, स्प्रिंगवर थेट बोट ठेवून ‘चालते का’ हे पाहण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी दिसते ती कोणीही, कितीही अनुभव असला तरी, अवलंबू नये. वीज चालू असताना करायची मोजमापे विलगक ट्रान्सफॉर्मर असलेल्या तंत्रज्ञावरच सोपवावीत. घरी होणारे पुढील सर्व काम प्लग काढूनच करायचे आहे.

प्लग काढल्यावरही दहा मिनिटे थांबावे. मुख्य बोर्डावरील मोठ्या चौकोनी कपॅसिटरांवर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत डीसी विद्युतदाब असू शकतो, कारण २३० व्होल्ट एसीचे शिखर तेवढे असते. शेगडी उलटी करून मऊ टॉवेलवर ठेवावी, तळाचे स्क्रू काढावेत आणि एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला नाही ना हे पाहावे. चौकट सुटत नसेल तर जोर करण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधावा. मग शेगडी सुलटी धरून वरचा भाग हळूच, पुस्तकाचे पान उलटावे तसा, एका बाजूने उचलावा, कारण काही मॉडेलांत पॅनेलचा बोर्ड वरच्या चौकटीला असतो आणि ओढल्यास जोडवायर तुटते. उघडताच कोठेही हात न लावता मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या पल्ल्यावर ठेवून त्या कपॅसिटरांच्या टोकांवर दाब तपासावा आणि तो नगण्य झाल्यावरच पुढे जावे. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची रीत टाळावी. प्रत्येक जोड सोडण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. कॉइलच्या मध्यभागी पांढऱ्या लेपात बसवलेला मण्याएवढा घटक थर्मिस्टर, म्हणजे काचेचे तापमान मोजणारा संवेदक, असतो. त्याची जागा आणि लेप बिघडू देऊ नये, अन्यथा टच पॅनेल दुरुस्त होऊनही शेगडी चुकीचे तापमान समजत राहील.

आत पहिल्यांदा दिसते ती घाण. पंखा शेगडीच्या तळातून हवा ओढतो, आणि त्या हवेबरोबर फोडणीचे तेलकट धुके, पीठ आणि धूळ आत येऊन बोर्डावर बसते. शिवाय शेगडीची ऊब आणि अंधार झुरळांना मानवतो, आणि त्यांची विष्ठा ओलाव्यात विद्युतवाहक बनून शेजारच्या दोन बटणांच्या तांब्याच्या वाटा जोडून टाकते. बटणे आपोआप लागण्याच्या किती तरी तक्रारी एवढ्यावरच मिटतात. पॅनेलचा बोर्ड जोडवायर सोडवून वेगळा काढावा, कोरड्या मऊ ब्रशने झाडावा, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात, जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच लावून दोन्ही बाजू धुवाव्यात. रॉकेल, पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश काढायचा द्रव वापरू नये. ते प्लास्टिक आणि छपाई खातात किंवा आगीला निमंत्रण देतात. आयपीएदेखील ज्वलनशील असल्याने काम खिडकीजवळ आणि गॅस बंद ठेवून करावे. बोर्ड निदान एक रात्र वाळू द्यावा. तांब्यावर हिरवट चूर्ण दिसले तर तो मिठाच्या पाण्याने झालेला क्षय असतो. वाट खाऊन तुटलेली नसेल तर सफाईने भागते, तुटली असेल तर बारीक तार सोल्डर करून जोडावी लागते.

स्प्रिंगांकडे मात्र सावकाश पाहावे, कारण टच पॅनेलच्या दुरुस्तीचा खरा गाभा त्यांत आहे. बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरला की सगळ्या स्प्रिंगांची टोके एका रेषेत दिसायला हवीत. जी रेषेखाली बसली आहे, कलली आहे किंवा जिचे वेढे एकमेकांत अडकले आहेत, तीच बहुधा मुक्या बटणाची असते. उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने तिची ताठरता कमी झालेली असते. बारीक चिमट्याने तिचा तळाचा वेढा धरून ठेवावा आणि दुसऱ्या चिमट्याने वरचा वेढा किंचित ओढून ती शेजारणींच्या उंचीला आणावी; तळ न धरता ओढल्यास सोल्डरसह तांब्याची चकती उखडते, आणि मग काम दुप्पट होते. टोक काळे पडले असेल तर आयपीएने पुसावे. स्प्रिंग काचेला खरोखर टेकते का हे पाहण्यासाठी टोकांना खडूची थोडी पूड लावून काच जागेवर बसवावी आणि पुन्हा उचलावी : काचेच्या खालच्या बाजूला प्रत्येक बटणामागे पूर्ण गोल ठसा उमटला असेल तर स्पर्श बरोबर आहे, अर्धचंद्र उमटला असेल तर स्प्रिंग कललेली आहे, आणि ठसाच नसेल तर फट आहे. तपासून झाल्यावर पूड पुसून टाकावी. काही मॉडेलांत स्प्रिंगऐवजी वाहक स्पंज असतो. तो कडक होऊन भुगा होत असेल तर बदलावाच लागतो. फट भरण्यासाठी काच आणि स्प्रिंग यांच्यामध्ये गोंद, सिलिकॉन किंवा फॉइलचे तुकडे कोंबणे चुकीचे आहे, कारण त्याने एका बटणाची दाद शेजारच्या बटणाला जाऊ लागते. काचच चौकटीतून वर उचलली गेली असेल, तर जुने सिलिकॉन खरवडून उष्णता सहन करणारे नवे सिलिकॉन भरावे आणि ते पुडक्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वाळू द्यावे.

पॅनेल आणि मुख्य बोर्ड यांना जोडणाऱ्या रिबन वायरीचे कनेक्टर दोन-तीन वेळा काढून घातले की पिनांवरचा गंजाचा पातळ थर घासला जातो आणि जोड पूर्ववत होतो; वायर न ओढता कनेक्टरचे प्लास्टिक धरून ओढावे. प्रत्येक तारेची सलगता मल्टिमीटरच्या बझरवर, तार हलवत हलवत, पाहावी. सोल्डरच्या जोडाभोवती भिंगाखाली बारीक गोल रेघ दिसली, तर तो तडा असतो. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने थोडे फ्लक्स लावून तो पुन्हा वितळवावा. दाबबटणांच्या शेगडीत मुके झालेले सूक्ष्म स्विच काढून त्याच लांबी-रुंदीचे आणि त्याच उंचीचे नवे स्विच बसवणे हाच पक्का उपाय आहे. उंची चुकली तर बटण कायम दाबलेले राहते किंवा कधीच दाबले जात नाही. स्विच अतिशय स्वस्त असल्याने एकाऐवजी सगळेच एकदम बदलणे शहाणपणाचे.

हे सारे करूनही बटणे आपोआप लागत असतील, तर चिपला मिळणारे ५ व्होल्ट स्वच्छ नसण्याची शक्यता असते. मुख्य बोर्डावरील छोट्या दंडगोलाकार इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे काम हा पुरवठा सपाट ठेवण्याचे असते आणि उष्णतेने त्यांतील द्रव वाळत गेला की पुरवठ्यात चढउतार शिरतात. ज्याचे डोके फुगले आहे तो कपॅसिटर तर बदलावाच, पण बाहेरून निरोगी दिसणाराही सदोष असू शकतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा अधिक, आणि १०५ अंश सेल्सिअसची खूण असलेला घ्यावा, आणि ऋण बाजूची पट्टी जुन्यासारखीच ठेवावी. टच चिप मात्र सुटी आणून बसवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तिच्यात त्या मॉडेलची आज्ञावली भरलेली असू शकते आणि कोरी चिप काहीच करत नाही. अशा वेळी पॅनेलचा पूर्ण बोर्ड त्याच मॉडेल क्रमांकाचा आणावा. कनेक्टर बसला म्हणजे बोर्ड जुळला असे होत नाही, कारण पिनांचा क्रम वेगळा असला तर मुख्य बोर्डही जळतो. म्हणून जुना बोर्ड बरोबर नेऊन त्यावर छापलेला क्रमांक जुळवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे असे सुटे भाग, आयपीए, स्विच आणि कपॅसिटर मिळू शकतात. कंपनीने सुटा भाग द्यायला नकार दिला किंवा संपूर्ण शेगडीच बदलण्याचा आग्रह धरला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. दुरुस्तीच्या हक्काविषयीचे केंद्र सरकारचे पोर्टलही २०२२ च्या अखेरीस सुरू झाले असून काही कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तेथे एकत्र मिळते. शेगडी दुरुस्तीपलीकडे गेलीच, तर ती भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

परदेशातील मराठी घरांत ओट्यात बसवलेल्या चार चुलींच्या इंडक्शन हॉबची रचना तत्त्वतः हीच असली, तरी ती थेट भिंतीतील स्वतंत्र, जास्त क्षमतेच्या जोडणीवर असते आणि तिला काढता येणारा प्लग बहुधा नसतो. तेथे पुसणे, वाळवणे आणि फ्यूजबोर्डावरील खटका पाच-दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करणे एवढेच घरी करावे. उघडण्याचे काम त्या देशातील परवानाधारक तंत्रज्ञाकडे द्यावे.

दुरुस्तीनंतर शेगडी लगेच नेहमीच्या कामाला लावू नये. सर्व जोड छायाचित्रांशी पडताळावेत, थर्मिस्टर काचेला टेकलेला आहे आणि कोणतीही वायर पंख्याच्या पात्यात येत नाही हे पाहावे, आणि चौकट पूर्ण बंद करून सगळे स्क्रू लावल्यावरच वीज द्यावी. पहिली वीज शक्य असल्यास सिरीज दिव्यातून, म्हणजे शेगडीच्या मार्गात एकसर जोडलेल्या १०० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बमधून, द्यावी : बल्ब क्षणभर चमकून विझला तर आत शॉर्ट नाही, आणि तो पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर प्लग ताबडतोब काढावा. बल्ब मार्गात असताना शेगडी तापवण्याचा प्रयत्न करू नये, कारण विद्युतदाब पडून ती कमी व्होल्टेजची खूण दाखवील. यानंतर सरळ १६ अँपिअरच्या सॉकेटवर, रिकाम्या काचेवर, पॅनेलचे प्रत्येक बटण क्रमाने पाच-सहा वेळा लावून पाहावे, मग लिटरभर पाण्याचे सपाट तळाचे भांडे ठेवून मध्यम आचेवर वीस मिनिटे चालवावे आणि दर पाच मिनिटांनी आच कमी-जास्त करून पाहावी, कारण तापल्यावर उघडणारा दोष तेवढ्या वेळात वर येतो. शेवटी बोट किंचित ओले करून एक बटण लावावे आणि पॅनेल लगेच कोरडे पुसावे; शेजारचे बटण त्या वेळी लागले नाही आणि बंद करण्याचे बटण प्रत्येक वेळी पहिल्याच स्पर्शाला चालले, तर शेगडी पुन्हा स्वयंपाकाला घेण्यास हरकत नाही. बंद करण्याचे बटण एकदा जरी चुकले, तर बाकी सारी बटणे चोख असली तरी शेगडी पुन्हा उघडावी.